आठशे मीटर पूर्वेला

७ ऑगस्ट

दरड चुकीच्या डोंगरावर आहे.

दुपारी आईचा फोन आला. तिला हॅलो वगैरे लागत नाही. "आ-वन, आपलं घर हिरवं आलं बघ. फू काकांचंही हिरवं. मी अख्ख्या गल्लीचे घरनंबर टाकून बघितले." जिल्ह्याने आमच्या कंपनीचं पोर्टल चाचणीसाठी लोकांना उघडं केलंय, तेव्हापासून आमच्या शांग-खेंगमध्ये आई म्हणजे हवामान खातं झालीय. घरनंबर टाका, दरडीचा धोका किती ते कळतं – हिरवा, पिवळा, लाल. "माझ्या लेकीने केलंय," असं सांगत फिरते. जसं काही मी एकटीनेच केलंय!

म्हणून मी कौतुकाने आमचं गाव उघडलं. लोकांना दिसतं ते पान नाही, आतलं. तिथे सगळे लेयर एकावर एक असतात – चढ, माती, ओढे, पाऊस, आणि तळाशी जुन्या दरडींच्या खुणा. एकदा खाली आलेला डोंगर पुन्हा येतो, त्यामुळे रंग ठरवताना या खुणांना सगळ्यात जास्त वजन आहे. तर आमच्या घरामागे खूणच नाही. खूण आहे पश्चिमेला, डोंगराच्या सोंडेपलीकडे, जिथे माझ्या आठवणीत साधं ढेकूळ घसरलेलं नाही.

मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी, पावसाळ्यात, डोंगर आमच्या घरामागे आला होता. मी सात वर्षांची होते. डुकरांचा गोठा पूर्ण आत गेला आणि बाबा नुसत्या हातांनी चिखल उपसत होते. तो कुठे आला हे मला नकाशात बघायची गरज नाही.

डबा तसाच परत आणला.

८ ऑगस्ट

मोजून पाहिलं. खूण आठशे मीटरहून जरा जास्त पूर्वेला आणि दोनशे मीटर दक्षिणेला ढकलली, की ती बरोबर आमच्या घरामागे येऊन बसते.

हा आकडा पाहिला आणि पुन्हा मोजला. आमच्या धंद्यात तो शेंबड्या पोरालाही पाठ असतो. या बेटाची दोन मोजमापं आहेत, जुनं आणि नवं. सरकारने सगळं बेट पुन्हा मोजलं, तेव्हापासून एकाच जागेचे आकडे जुन्या मापात वेगळे आणि नव्यात वेगळे. जुने आकडे नवे समजून बसवले, की जे काही असेल ते पश्चिमेला सरकतं – नेमकं एवढंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगतात. नकाशा आला की आधी विचारायचं, जुनं की नवं?

आणि आम्ही विचारलं होतं! दरडींचा लेयर आला तेव्हा त्याच्यावर 'नवं' असंच लिहिलेलं होतं. भूकंपानंतर घाईघाईत वेगवेगळ्या पथकांनी डोंगर मोजले. त्यातल्या कुणीतरी जुन्या सवयीने जुन्या मापात मोजलं आणि वर नव्याची चिठ्ठी लावून दिलं. पंचवीस वर्षं कुणाला कळलं नाही, कारण त्या खुणा कुणी कशालाच वापरल्या नव्हत्या. आम्ही पहिले.

आता प्रश्न एवढाच, की नकाशाची एकच शीट चुकलीय की सगळा जिल्हा?

१० ऑगस्ट

सगळा जिल्हा नाही. सगळा असता तर बरं होतं, एका झटक्यात सगळं सरकवून टाकलं असतं.

दोन दिवस शीट शीट उघडून बघतेय. जिथे दरडीचा उघडा ओरखडा अजून हवाई फोटोत दिसतो तिथे पडताळता येतं. बऱ्याच शीटा अचूक आहेत, खूण आणि ओरखडा एकावर एक. आमची चुकलीय. आणि सात शीटा अशा आहेत की काही सांगताच येत नाही. तिथे सगळ्यावर बांबू आणि रान माजलंय, ओरखडा कुठला आणि जंगल कुठलं! त्या सरकवाव्यात तर बरोबर असलेल्या बिघडतील, न सरकवाव्यात तर चुकलेल्या तशाच राहतील.

त्या सात शीटांत गावं आहेत. नावं वाचली आणि खिडकी बंद केली.

११ ऑगस्ट

आ-होंगला सांगितलं. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, सर्व्हर त्याच्या ताब्यात. दरडींचा लेयर त्यानेच चढवला होता. मी गेले तेव्हा तो सर्व्हरवरचा खाऊचा हिरवा पुडा बदलत होता. यंत्र बिघडू नये म्हणून इथे सगळेच तो वर ठेवतात, या पुड्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. हिरवाच लागतो. पिवळा ठेवला तर यंत्र रुसतं, आणि तारीख उलटलेला ठेवला तर सूड घेतं म्हणे. माझा विश्वास नाही. पण मी कधी त्याला हात लावलेला नाही.

तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"चिठ्ठीवर नवं होतं, वन. मी स्वतः पाहिलं."

"मी कुठे म्हणतेय नव्हतं?"

"मग आता?"

"सरकवू या. आमची तरी."

त्याने सर्व्हरच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे त्याच्याच अक्षरात कागद आहे – 'स्वीकृतीच्या बैठकीपर्यंत कुणीही हात लावायचा नाही.' जिल्हा पोर्टल ताब्यात घेतो ती बैठक वीस तारखेला आहे. तोवर चालत्या यंत्राला हात नाही, हा आमच्याकडचाच नव्हे, सगळ्याच कंपन्यांचा नियम. बैठकीच्या आदल्या दिवशी कुणीतरी काहीतरी 'छोटंसं' दुरुस्त करतं आणि सगळं कोसळतं, हे प्रत्येकाने एकदा भोगलेलं असतं.

"दादांना विचार," तो म्हणाला. पुडा त्याने दोनदा सरळ केला.

१२ ऑगस्ट

ज्येन दादांना विचारलं. कंपनी त्यांची, माणूस वाईट नाही. माझी बाळंतपणाची रजा असो की सर्दी, कधी हिशेब केला नाही – बाळ राहिलं नाही तेव्हाही नाही. म्हणूनच त्यांच्यासमोर माझी जीभ अडकते.

"तुझ्याकडे पुरावा काय?"

"मला आठवतंय, दादा."

"किती वर्षांची होतीस?"

"सात."

ते हसले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "जिल्ह्याच्या वेई मॅडमना मी काय सांगू? आमची एक मुलगी सात वर्षांची असताना तिला दरड दुसरीकडे दिसली होती? बरं, तुझं खरं धरू. मग बाकीच्या शीटांचं काय, हे विचारतील. त्याचं उत्तर आहे तुझ्याकडे?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"भुतांचा महिना सुरू आहे, या दिवसांत कुणी नवं काम काढत नाही, बैठक तोंडावर आहे, आणि तू चालतं यंत्र उघडणार? वीस तारीख जाऊ दे. एकवीसला मी स्वतः तुला घेऊन त्यांच्याकडे जातो. शब्द देतो."

मी मान डोलावली. बाहेर आल्यावर जिन्यात बसून राहिले. मान का डोलावली मी?

१३ ऑगस्ट

पूर्वेच्या समुद्रात वादळ तयार झालंय. अजून त्याला नाव नाही.

१४ ऑगस्ट

आईला म्हटलं, चार दिवस माझ्याकडे येऊन राहा. खालच्या दुकानातलं बदकाचं सूप तिला आवडतं, त्याचं आमिष दाखवलं.

"आलं काढायला आलंय आणि मी सूप पीत बसू?"

"वादळ येतंय असं म्हणतात."

"येऊ दे की. आपण हिरवे आहोत." मागून फू काकांचा आवाज आला – ते आमच्या शेजारचे, दुपारचे आईच्या ओसरीवरच असतात. "आ-वन, तुझे उपकार झाले बघ! मागच्या वादळात आम्हाला शाळेच्या फरशीवर झोपवलं, माझी कंबर अजून बोलते. वादळ गेलं भलतीकडे, आणि परत येऊन बघतो तर दोन बदकं गायब! यंदा तुझ्या पोर्टलने सुटका केली."

मी म्हटलं, "आई, नकाशात चूक असू शकते."

"तू केलायस ना?"

"हो, पण –"

"मग?"

या 'मग'च्या पुढे मला जाता आलं नाही. सगळं सांगितलं तर ती ते गल्लीभर करणार, गल्लीतून ते जिल्ह्यात पोचणार, आणि जिल्ह्यातून दादांकडे. मला आईच्या जिवाची भीती वाटतेय आणि नोकरीचीही, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतात याची लाज वाटतेय. म्हटलं, "जरा तपासायचंय एवढंच."

"तपास की. घाई काय आहे," ती म्हणाली.

१६ ऑगस्ट

वादळाला नाव मिळालं आणि दिशाही. इकडेच.

आज जिल्हा कचेरीत बैठकीची तालीम होती. दादा आणि मी. आपत्ती विभागाच्या वेई मॅडम – बारीक, कोरड्या, चष्मा गळ्यात लटकवलेला – यांनी स्वतः पोर्टल चालवलं. नकाशावर रेघ ओढली, डोंगर उभा चिरून पाहिला, पाऊस दुप्पट केला, तिप्पट केला. हे सगळं मी बनवलंय आणि ते इतकं छान चालत होतं की मला रडू येईल असं वाटलं.

"पूर्वी आम्ही सरसकट सगळा डोंगर रिकामा करायचो," मॅडम म्हणाल्या. "लोक शिव्या द्यायचे, आणि खऱ्या धोक्याच्या वेळी हलायचे नाहीत. आता लाल तेवढेच हलवणार. हे बघा, शांग-खेंग सुटलं. तिथले फार कुरकुर करायचे."

मी तोंड उघडलं. टेबलाखाली दादांचा बूट माझ्या बुटावर आला. जोरात नाही. नुसता ठेवला, आणि तिथेच राहिला.

गाडीने घराजवळ सोडताना दादा म्हणाले, "एकवीस. मी शब्द दिलाय."

१७ ऑगस्ट

बाजारात कोबी संपला. लोक नूडल्सची खोकी डोक्यावर घेऊन चाललेत आणि खुशाल हसतायत. वादळाची सुट्टी मिळणार का, एवढीच सगळ्यांना चिंता.

मी रिकामी पिशवी घेऊन परत आले.

१८ ऑगस्ट

केलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. आ-होंगसुद्धा. मी लेयर उघडला, फक्त आमची शीट निवडली, आकडे टाकले. बोट बटणावर ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे. मग दाबलं. दरडी सरकल्या. आमची बरोबर घरामागे, डुकरांच्या गोठ्यावर येऊन बसली, जणू तिचीच जागा. हिशेब पोर्टल आपोआप पुन्हा मांडतं. सगळे जेवून वर येईपर्यंत शांग-खेंगची गल्ली लाल झाली होती.

बाकीच्या सात शीटांना हात लावला नाही. तिथे मला काही माहीत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच आहे. पण तिथेही कुणाच्या तरी आया आहेत, हेही खरं.

लगेच आईला फोन केला.

"तुझं पोर्टल बिघडलं वाटतं. आम्ही लाल झालो."

"बिघडलं नाही, आई. आधी बिघडलेलं होतं. आता बरोबर आहे. ऊठ आणि निघ."

"अगं, मी सगळ्यांना सांगितलंय –"

"आई!" मी ओरडले. आयुष्यात तिच्यावर पहिल्यांदा ओरडले असेन. "घरामागून डोंगर आला होता तो तू पाहिलायस. तोच पुन्हा येणार आहे. माझ्याच्याने बोलवत नाही आता, तू फक्त ऊठ." फोन धरून नुसती हुंदके देत राहिले, ऑफिसच्या संडासात.

शेवटी ती म्हणाली, "बरं. नाक पूस."

चारच्या सुमारास तिचा निरोप आला. सगळी गल्ली फू काकांच्या छोट्या ट्रकमधून खालच्या शाळेत पोचली. लाल झाल्यामुळे जिल्ह्याचा माणूसही दारात आला होता. काका कंबरेच्या नावाने मला शिव्या देतायत. देऊ देत! हव्या तेवढ्या देऊ देत!

दादांना उद्या सांगेन. काढलं तर काढलं. आज मी झोपणार आहे.

१९ ऑगस्ट, सकाळी

सुट्टी जाहीर झाली. पाऊस आडवा लागलाय, खिडक्या वाजतायत. चहा घेतला आणि सहज घरून पोर्टल उघडलं.

शांग-खेंग हिरवं.

मी पान पुन्हा उघडलं. हिरवं. लेयर उघडला. दरड आमच्या घरामागे नाही. आणि पश्चिमेला, जिथे आधी चुकून होती, तिथेही नाही. ती आहे पूर्वेला, आणखी आठशे मीटर पुढे, पलीकडच्या बांबूच्या रानात जिथे माणूस राहत नाही.

कुणीतरी तिला दुसऱ्यांदा सरकवलंय.

आ-होंगला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. माझा आवाज ऐकताच म्हणाला, "वन, रागावू नकोस. मला राहवलं नाही. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तुमची शीट सरकवली."

"मी दुपारीच सरकवली होती."

पलीकडून त्याच्या घरच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता.

"मला वाटलं तू घाबरशील. करणार नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"तू रंग बघितला नाहीस?"

"दाबलं आणि पळालो. पुड्याकडे बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही."

दोघांनी चोरून केलं. दोघांपैकी एकाने जरी नियम उघडपणे मोडला असता, नुसतं "मी हात लावतोय" असं मोठ्याने म्हटलं असतं! आमच्याकडे कुणी म्हणत नाही. मी एवढी वर्षं हाच शहाणपणा समजत आले.

खूण मागे ओढली. लाल व्हायला तासभर लागला. म्हणजे काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत सगळ्या शांग-खेंगला ते हिरवं दिसत होतं.

आईचा फोन लागत नाही.

१९ ऑगस्ट, थोड्या वेळाने

वेई मॅडमना सरळ फोन केला. दादांना न विचारता. सगळं सांगितलं – जुनं माप, चिठ्ठी, मी, आ-होंग. मधे एकदाही त्यांनी अडवलं नाही.

"खात्री नसलेल्या शीटा किती?"

"सात."

"नावं सांगा."

सांगितली. त्या लिहून घेत होत्या, पेनाचा आवाज येत होता. "सगळ्यांना हलवते. रंग काही असो," त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम बदलला. "सोळा तारखेला तुम्ही माझ्यासमोर बसला होतात."

"हो."

"हो," त्याही म्हणाल्या आणि फोन ठेवला.

१९ ऑगस्ट, दुपारी

शाळेत फोन लागला एकदाचा. तिथल्या मास्तरांनी घेतला. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात उलटंसुलटं होईल.

काल अंधार पडायच्या आत गल्लीतल्या कुणीतरी फोनमध्ये पाहिलं, तर घर हिरवं. मग काय! फू काका म्हणाले, पोरीने दुरुस्त केलं वाटतं, चला, आज फरशीवर झोपायला नको. ट्रक काढला आणि नऊ जण परत वर गेले. आई गेली नाही. काकांनी चिडवलं म्हणे, "वहिनी, स्वतःच्या लेकीच्या पोर्टलवर विश्वास नाही होय?" तर ती म्हणाली, "पोर्टल मला कळत नाही. माझी पोरगी फोनवर रडत होती. ते कळतं."

मी इथे लिहायची थांबले होते. पुढचं लिहायचंय.

आज सकाळी तिने शाळेतल्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तर पुन्हा लाल. वर काकांचा फोन लागेना. मास्तर म्हणाले, "आम्ही अडवलं हो त्यांना. ऐकेनात. म्हणाल्या, माझ्या जिभेमुळे ते नऊ जण वर आहेत, मीच त्यांना हिरवं हिरवं करून डोक्यावर चढवलं. एका वनखात्याच्या गाडीने पुलापर्यंत सोडलं. पुढे चालत गेल्या."

"कधी?"

"तासभर झाला असेल. आणि बाई... पूल आता नाही."

तो रंग मी लाल केला. मी खूण मागे ओढली नसती तर ती शाळेत बसली असती, आणि ते नऊ जण वर. ओढली म्हणून ती दहावी. काय करायला हवं होतं, हे देवाशपथ मला कळत नाही.

२० ऑगस्ट

वीज नाही. फोन नाही. बैठक रद्द. पाऊस.

२१ ऑगस्ट

वीज आली. डोंगरातला एकही फोन लागत नाही.

दादा घरी आले, हातात डबा. गुडघ्यापर्यंत भिजलेले. "मला आधी सांगायचंस," म्हणाले.

"सांगितलं होतं, दादा."

ते खाली बसले. डबा बाजूला ठेवून म्हणाले, "हो. सांगितलं होतंस." आज एकवीस तारीख आहे, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. जाताना ते बूट घालायला वाकले आणि तसेच वाकून राहिले, मग म्हणाले, "त्या सात शीटांतल्या दोन गावांवर डोंगर आलाय. रिकामी होती."

आणि शांग-खेंग? ते त्यांना माहीत नव्हतं. रस्ता तीन ठिकाणी तुटलाय, ढग उतरलेत, हेलिकॉप्टर जाऊ शकत नाही. आ-होंग खालच्या शाळेपर्यंत मोटारसायकलने गेला आणि परत आला. तो दारात नुसता उभा राहिला आणि गेला.

मी दर थोड्या वेळाने आईचा नंबर लावते. तीच बाई तेच सांगते. डोळे मिटले की बाबांचे चिखलातले हात दिसतात. मी अजून तिच्यावर ओरडले त्याची माफी मागितलेली नाही.

२२ ऑगस्ट

पहाटे ढग फाटले. विमानाने फोटो काढले. ते पोर्टलवर चढवायचं काम आमचंच. दादा म्हणाले, आ-होंग करेल, तू बघू नकोस. मीच बसले. चढवण्याआधी विचारलं, जुनं की नवं? नवं. दोन ठिकाणी स्वतः ताडून घेतलं.

शांग-खेंग उघडलं. गल्ली नाही. आमचं घर, काकांचं घर, ओसरी, ट्रक, काही नाही, नुसती तपकिरी जीभ ओढ्यापर्यंत.

त्याच्या बरंच वर, नासपतीच्या बागेतल्या मोकळ्या जागी, काहीतरी पांढरं होतं. मोठं करून पाहिलं. खताची रिकामी पोती, एकापुढे एक नीट मांडलेली, वरून दिसावीत म्हणून. आमच्या लिपीत दहा लिहायला दोनच रेघा लागतात आणि माणूस लिहायलाही दोनच. त्यांनी लिहिलं होतं: दहा माणसं.